एक तारा कमी, एक जागा जास्त: लूप आणि पॅटर्नबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रॅक्टिकलच्या परीक्षा जवळ आल्या की आमच्या टपालात ताऱ्यांचा पाऊस पडतो. या वेळचं सदर म्हणूनच पूर्ण पॅटर्नना, म्हणजे सी, पायथॉन अशा भाषांत लूपने (तीच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या रचनेने) तारे छापून काढायच्या आकृत्यांना, दिलं आहे. कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापला आहे. संगणकावर आज्ञा आणि अंक नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच टाइप करायचे.

पाच ओळींचा त्रिकोण हवा होता. सी मध्ये पंधराच्या पंधरा तारे एकाच ओळीत येतात. तेच लूप पायथॉनमध्ये लिहिले तर सगळे तारे एकाखाली एक. लूप सारखे असताना असं का?
— डिप्लोमा, पहिलं वर्ष, सांगली

लूप दोन्हीकडे बरोबर आहेत. तारे पंधरा आले, म्हणजे १ + २ + ३ + ४ + ५ ही मोजणी चुकलेली नाही. चुकलं आहे ते ओळ मोडण्याचं काम. सी चं प्रिंटएफ सांगितल्याशिवाय ओळ मोडत नाही, आणि पायथॉनचं प्रिंट नको म्हटल्याशिवाय ओळ मोडायचं सोडत नाही.

सी मध्ये:

    फॉर (आय = १; आय <= ५; आय++)
    {
        फॉर (जे = १; जे <= आय; जे++)
            प्रिंटएफ("*");
        प्रिंटएफ("\एन");
    }

शेवटचं प्रिंटएफ आतल्या लूपच्या बाहेर पण बाहेरच्या लूपच्या आत आहे. पॅटर्नचा निम्मा अभ्यास त्या एका ओळीच्या जागेचा आहे.

पायथॉनमध्ये तारा छापताना प्रिंट("*", एंड="") लिहायचं, आणि आतला लूप संपला की नुसतं प्रिंट(). या रिकाम्या प्रिंटच्या आधी किती जागा सोडली, यावर सगळं अवलंबून आहे. ते आतल्या फॉरच्या बरोबर रेषेत असेल तर त्रिकोण येतो. आणखी चार जागा आत सरकलं की प्रत्येक ताऱ्यामागे ओळ मोडते. डाव्या कडेला चिकटलं तर सगळे तारे एका ओळीत येतात आणि ओळ अगदी शेवटी एकदाच मोडते. तिन्ही वेळा प्रोग्रॅम विनातक्रार चालतो, म्हणून चूक सापडायला वेळ लागतो.

सीनियरच्या जुन्या वहीत प्रिंट "*" आणि पुढे स्वल्पविराम असं दिसलं तर ते पायथॉन २ चं आहे. पायथॉन ३ त्यावर सिंटॅक्स एरर देतं.

पिरॅमिडचं सूत्र पाठ आहे तरी पिरॅमिड येत नाही. उजवीकडे टेकलेला काटकोन त्रिकोण येतो.
— बीसीए, पहिलं वर्ष, नांदेड

पाठ केलेल्या सूत्राचा अर्धा भाग गळला आहे. सूत्र बाजूला ठेवा आणि कागदावर तीन रकाने आखा. पाच ओळींसाठी ते असे भरतात:

    ओळ    जागा    तारे
    १      ४      १
    २      ३      ३
    ३      २      ५
    ४      १      ७
    ५      ०      ९

आता आडवं वाचा. ओळ आणि जागा यांची बेरीज प्रत्येक वेळी ५, म्हणून जागा = एन − आय (एन म्हणजे एकूण ओळी, आय म्हणजे चालू ओळ). तारे दर ओळीला दोनने वाढतात आणि पहिल्या ओळीत एक आहे, म्हणून तारे = २ × आय − १. बाहेरच्या एका लूपच्या पोटात दोन लूप येतात: पहिला जागांचा, दुसरा ताऱ्यांचा. मग ओळ मोडायची. ताऱ्यांच्या उजवीकडे जागा छापायची गरज नाही. ऑनलाइन तपासणीत अशा न दिसणाऱ्या जागांमुळे बरोबर दिसणारं उत्तरही नापास होऊ शकतं.

तुम्ही ताऱ्यांचा लूप २ × आय − १ ऐवजी नुसत्या आय पर्यंत चालवला असणार. जागा बरोबर कमी होतात, तारे मात्र एकेकानेच वाढतात, म्हणून उजवी कड सरळ उभी राहते.

मजा अशी की आय पर्यंतच लूप ठेवून ताऱ्यानंतर एक जागा छापली, म्हणजे "*" ऐवजी "* ", तरी पिरॅमिड येतो. तो विरळ असतो. दोन्हींची रुंदी नऊच, पण शेवटच्या ओळीत एकात नऊ तारे आणि दुसऱ्यात पाच. प्रश्नपत्रिकेतल्या आकृतीची शेवटची ओळ मोजा, म्हणजे कोणता मागितला आहे ते कळेल.

चूक शोधताना जागेऐवजी ठिपका छापून पाहा. न दिसणारी गोष्ट मोजता येत नाही, ठिपके मोजता येतात:

    ····*
    ···***
    ··*****
    ·*******
    *********

चित्र जुळलं की ठिपक्याच्या जागी पुन्हा जागा टाका.

याच पत्रात हिऱ्याची मधली ओळ दोनदा येते, असंही विचारलं आहे. खालचा अर्धा भाग तुम्ही पुन्हा एन पासून सुरू करता, तो एन − १ पासून करायचा. पाचच्या हिऱ्यात एकूण ओळी ९ भरतात, १० नव्हे. दोन अर्धे वेगळे लिहायचे नसतील तर आय ला −४ पासून ४ पर्यंत न्या. जागा म्हणजे आय ची चिन्ह काढलेली किंमत, आणि तारे म्हणजे २ × (५ − ती किंमत) − १. आय = ० ला जागा शून्य आणि तारे नऊ येतात, मधली ओळ आपोआप एकदाच.

लॅबमध्ये एका मुलाचा प्रोग्रॅम थांबेचना, दुसऱ्याचा एकाच ओळीत संपला. दोघांनीही दोन्ही लूपना आय हेच नाव दिलं होतं. एकाच चुकीची दोन फळं कशी?
— संगणकशास्त्र शिक्षिका, कनिष्ठ महाविद्यालय, चिपळूण

फरक आतल्या लूपच्या मर्यादेत आहे. दोघांचाही बाहेरचा लूप ५ पर्यंत आहे असं धरू.

पहिल्याचा आतला लूप ३ पर्यंत. तीन तारे छापून तो बाहेर पडतो तेव्हा आय ४ झालेला असतो, कारण ४ झाल्यावरच अट खोटी ठरते. बाहेरचा लूप त्यात एक मिळवतो: ५. पाच हे पाचपेक्षा मोठं नाही, म्हणून पुन्हा आत. आतला लूप आय ला परत १ वर आणतो. पुन्हा ४, पुन्हा ५. घाण्याचा बैल.

दुसऱ्याचा आतला लूप ५ पर्यंत. तो सुटतो तेव्हा आय ६ असतो, बाहेर ७ होतो, आणि बाहेरचा लूप पहिल्याच फेरीत आटोपतो. पाच तारे, एक ओळ, खेळ खलास.

फळ्यावर आय ची किंमत एकाखाली एक लिहून हे दाखवलं तर मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं. एवढंच लक्षात असू द्या, की हा प्रयोग सी किंवा जावाचा आहे. पायथॉनमध्ये दोन्ही लूपना आय नाव दिलं तरी बाहेरचा लूप आपली पुढची किंमत रेंजमधून घेतो, त्यामुळे आत आय चं काहीही झालं तरी ओळी पाचच येतात. साधा त्रिकोण तर बरोबरच छापला जातो. आतल्या लूपनंतर ओळीचा क्रमांक छापायला गेलात, की मात्र तो चुकीचा येऊ शकतो. नावं वेगळी ठेवायची सवय पायथॉनवाल्यांनीही लावून घ्यावी.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नातला, प्रत्येक ओळीत एकच तारा येणारा प्रोग्रॅम पाहिला. आतल्या फॉरच्या कंसानंतर अर्धविराम पडला आहे. लूप तो रिकामा अर्धविरामच फिरवत बसतो आणि तारा छापायची आज्ञा लूपबाहेर एकदाच चालते.

मुलगा पन्नास पॅटर्न पाठ करतोय. त्याचा उपयोग आहे का?
— एक पालक, ठाणे

पाठ करण्याचा नाही. व्हायवात परीक्षक तोच पॅटर्न उलटा करून मागतात आणि पाठांतर तिथेच अडतं. त्याला तीन रकान्यांचा तक्ता आखायला सांगा आणि चारच पॅटर्न द्या: डावा त्रिकोण, उलटा त्रिकोण, पिरॅमिड आणि पोकळ चौकोन. पोकळ चौकोनात नवीन गोष्ट एकच, इफ. पहिली ओळ, शेवटची ओळ, पहिला रकाना, शेवटचा रकाना यांपैकी काहीही असेल तर तारा, नाहीतर जागा. "जागा" छापणारा एल्स विसरला की मधले सगळे तारे डावीकडे सरकून चिकटतात. तिथे बहुतेक जण अडखळतात. हे चार हाताखालून गेले की बाकीचे यांच्याच जोडण्या आहेत.

पायथॉनमध्ये शब्दाचा त्रिकोण छापायचा होता: आधी एक अक्षर, मग दोन. इंग्रजी नावाला जमलं. "पुणे" दिलं तर चार ओळी आल्या आणि अक्षरं तुटली.
— बारावी, पुणे

तुम्हाला मिळालं ते असं:

    प
    पु
    पुण
    पुणे

आपल्या दृष्टीने पुणे हे दोन अक्षरांचं गाव आहे. युनिकोडच्या (संगणकात प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) दृष्टीने चार चिन्हं: प, उकार, ण आणि एक मात्रा. लेन("पुणे") चं उत्तर ४ येतं आणि स्लाइस (शब्दाचा तुकडा कापून घेण्याची सोय) या चिन्हांच्या मधून कापते. "महाराष्ट्र" देऊन पाहा. चिन्हं दहा, म्हणून ओळी दहा, आणि सातव्या व नवव्या ओळीत शेवटचं अक्षर पाय मोडलेलं दिसेल: महाराष्, महाराष्ट्. शब्द उलटा छापलात तर आणखी गंमत. "पुणे" उलटवलं की मात्रा निराधार होऊन सुरुवातीला येते आणि प चा उकार ण ला जाऊन बसतो.

उपाय म्हणजे कापायच्या आधी शब्दाचे नीट तुकडे करणं. पायथॉनसोबत येणारं युनिकोडडेटा हे मॉड्यूल इम्पोर्ट करा. त्यातलं कॅटेगरी फंक्शन प्रत्येक चिन्हाचा प्रकार सांगतं. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त या सगळ्यांचा प्रकार एम या अक्षराने सुरू होतो. दोन नियम पुरतात: चिन्ह एम प्रकारचं असेल तर मागच्या तुकड्याला जोडा, आणि मागचा तुकडा हलन्तावर संपत असेल तरीही जोडा, कारण ते जोडाक्षर आहे.

    तुकडे = []
    फॉर चिन्ह इन शब्द:
        इफ तुकडे अँड (कॅटेगरी(चिन्ह)[०] == "एम" ऑर तुकडे[-१][-१] == "्"):
            तुकडे[-१] += चिन्ह
        एल्स:
            तुकडे.अपेंड(चिन्ह)

"महाराष्ट्र" चे आता चार तुकडे पडतात: म, हा, रा, ष्ट्र. मग १ पासून तुकड्यांच्या संख्येपर्यंत लूप चालवून पहिले आय तुकडे जॉईनने जोडून छापा:

    म
    महा
    महारा
    महाराष्ट्र

अटीतलं पहिलं "तुकडे अँड" गाळू नका. यादी रिकामी असताना शेवटचा तुकडा मागितला की इंडेक्स एरर येते.

वरच्या कोडमधली तुकडे, चिन्ह, शब्द ही नावं पायथॉन ३ मध्ये देवनागरीतच टाइप केली तरी चालतात. आज्ञा मात्र रोमनच. कोडमध्ये ५ हा देवनागरी अंक चालत नाही, पण इंट("५") लिहिलं तर पायथॉन त्याचा पाच करून देतो. म्हणजे वापरणाऱ्याने इनपुटमध्ये देवनागरी अंक टाइप केला तर प्रोग्रॅम अडत नाही. अर्धा र टाइप करताना काही कीबोर्ड मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. ते व्हेरिएबलच्या नावात गेलं की एरर येते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही, तेव्हा नावात ऱ्य, ऱ्ह टाळलेलं बरं.

हेच सी मध्ये करायला जाऊ नका. तिथे यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह ३ बाइटचं असतं, "पुणे" ची लांबी १२ येते आणि चिन्हाच्या मधोमध कापलं की कचरा छापला जातो. आणि देवनागरीचा पिरॅमिड सरळ येईल अशी अपेक्षाही ठेवू नका. अक्षरांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे जागांचं गणित बरोबर असूनही कडा वाकड्या दिसतात.

फ्लॉइडच्या त्रिकोणात अंकांऐवजी क, ख, ग छापले. सहाव्या ओळीच्या शेवटी प ऐवजी खाली टिंब असलेला न आला. कोड कुठे चुकला?
— एक शिक्षक, बेळगाव

कोड चुकला नाही. फ्लॉइडचा त्रिकोण म्हणजे ओळ बदलली तरी मोजणी पुढे चालू राहणारा:

    क
    ख ग
    घ ङ च
    छ ज झ ञ
    ट ठ ड ढ ण
    त थ द ध न ऩ

सहा ओळींत ६ × ७ ÷ २ म्हणजे २१ अक्षरं. तुम्ही क चा क्रमांक २३२५ घेऊन त्यात एकेक मिळवत गेलात. क पासून न पर्यंत वीस अक्षरं सलग आहेत. एकविसाव्या घरात युनिकोडने ऩ ठेवला आहे. तो तमिळसारख्या भाषांतला ध्वनी देवनागरीत लिहायला लागतो. मराठीत त्याचं काम नाही. प त्याच्या पुढच्या घरात. आणखी पुढे गेलात तर र नंतर ऱ भेटेल, ळ नंतर ऴ. शिवाय ळ आपल्या वर्णमालेत ह नंतर येतो, युनिकोडमध्ये ल ला लागून. क्ष आणि ज्ञ ही तर जोडाक्षरंच, त्यांना स्वतःचा क्रमांक नाही.

म्हणून क्रमांकात एक मिळवायची युक्ती रोमन अक्षरांसाठी ठेवा. मराठीसाठी हव्या त्या क्रमाने अक्षरांची यादी लिहा, के = ० पासून सुरू करा, यादीतलं के क्रमांकाचं अक्षर छापा आणि के वाढवा. के = ० ही ओळ दोन्ही लूपच्या वर हवी. ती बाहेरच्या लूपच्या आत गेली तर प्रत्येक ओळ पुन्हा क पासून सुरू होते.

पास्कलचा त्रिकोण फॅक्टोरियलने काढला. आठ क्रमांकाच्या ओळीत दुसरा आकडा ८ हवा, येतो −५. मित्राच्या जीसीसीवर तोच प्रोग्रॅम नीट चालतो.
— बीएससी, पहिलं वर्ष, अकोला

म्हणजे तुम्ही टर्बो सी या जुन्या कंपायलरवर आहात. तिथला इंट (पूर्णांक साठवायचा प्रकार) १६ बिटचा, सर्वांत मोठी संख्या ३२७६७. ७ चं फॅक्टोरियल (१ ते ७ चा गुणाकार) ५०४० बसतं, ८ चं ४०३२० बसत नाही. ते ६५५३६ वजा होऊन −२५२१६ असं साठतं. त्याला ७ च्या फॅक्टोरियलने, ५०४० ने, भागलं की −५. मित्राने खुश होऊ नये. त्याचा ३२ बिटचा इंट १२ पर्यंत टिकतो. तेरा क्रमांकाच्या ओळीत त्याला दुसरा आकडा १३ ऐवजी ४ दिसेल.

फॅक्टोरियल सोडून द्या. ओळीतला प्रत्येक आकडा मागच्या आकड्यावरून निघतो: मागचा × (एन − के + १) ÷ के, सुरुवात १ पासून. इथे एन म्हणजे ओळीचा क्रमांक (सर्वांत वरची ओळ शून्य), आणि के दुसऱ्या आकड्याला १, तिसऱ्याला २ असा वाढतो. सहा क्रमांकाच्या ओळीत १, मग १ × ६ ÷ १ = ६, मग ६ × ५ ÷ २ = १५, मग १५ × ४ ÷ ३ = २०. आधी गुणाकार, नंतर भागाकार. कंस टाकून ५ ÷ २ आधी केलंत तर इंट त्याचे २ करतो आणि १५ च्या जागी १२ येतात. या रीतीने टर्बो सी मध्येही चौदा क्रमांकाच्या ओळीपर्यंत आकडे बरोबर येतात.

आकार सरळ यायला प्रत्येक आकडा चार घरांत छापा, म्हणजे %४डी, आणि ओळीच्या सुरुवातीला उरलेल्या प्रत्येक ओळीमागे दोन जागा सोडा, चारच्या निम्म्या. चार घरं बारा क्रमांकाच्या ओळीपर्यंत पुरतात, तिथला मोठा आकडा ९२४ आहे. पुढे सहा घरं आणि तीन जागा करा.

हा त्रिकोण आपल्याकडे मेरुप्रस्तार नावाने पास्कलच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. पिंगलाच्या छंदःसूत्रांवरच्या टीकेत हलायुधाने दहाव्या शतकात तो कसा मांडायचा ते सांगितलं आहे. लघु-गुरूंच्या किती रचना होतात हे मोजायला तो लागत असे.

टर्बो सी मध्ये ४० ओळींचा पिरॅमिड मागितला तर फक्त खालचा भाग दिसतो. ४५ मागितले तर आकारच फाटतो.
— आयटीआय, जळगाव

तो पडदा ८० रकाने आणि २५ ओळींचा आहे. चाळिसाव्या ओळीत २ × ४० − १ म्हणजे ७९ तारे, ते मावतात. ४५ मागितले तर डावीकडच्या जागाही वाढतात: सदतिसाव्या ओळीत ८ जागा आणि ७३ तारे मिळून ८१ घरं होतात, त्यामुळे शेवटचा तारा पुढच्या ओळीत सांडतो आणि आकार फाटतो. उंचीचं म्हणाल तर वरच्या ओळी सरकून पडद्याबाहेर निघून गेलेल्या असतात. त्या परत येत नाहीत. एन २० च्या आत ठेवा, किंवा बाहेरच्या लूपमध्ये आय ला २० ने भागून बाकी शून्य आली की गेटच() लावा, म्हणजे कळ दाबेपर्यंत पडदा थांबेल. मागच्या वेळचे तारे वर उरलेले दिसत असतील तर मेनच्या सुरुवातीला, व्हेरिएबल जाहीर केल्यानंतर, सीएलआरएससीआर() हवं. आउटपुट क्षणभर चमकून गायब झालं तर प्रोग्रॅम पुन्हा चालवायला नको, ऑल्ट आणि एफ५ एकत्र दाबा.